सवलत, नियत आणि खेळ

एखादी वस्तू स्वस्त मिळते एवढ्यासाठीच ती घ्यावी का, हा प्रश्न नवा नाही. आषाढात कापडाच्या दुकानांवर सेलचे फलक लागतात, दोन ऑक्टोबरच्या सुमारास खादी भांडारात सूट सुरू होते, रमजानच्या शेवटच्या दिवसांत बाजार रात्री उशिरापर्यंत गजबजतो, तेव्हा प्रत्येक घरात हा प्रश्न उभा राहतो. घरातील जाणती बाई तो चटकन सोडवते. कापड बोटांनी चाचपते, पेटीत काय पडून आहे ते आठवते आणि दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरते. पण आता निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावातही हाच प्रश्न अशा वस्तूबद्दल विचारला जातो, जी चाचपता येत नाही आणि पेटीत ठेवता येत नाही. ती वस्तू म्हणजे संगणकावर खेळायचे गेम.

उर्दू शाळांतून शिकून पुढे लातूर, पुणे, हैदराबादला गेलेली मुले सुटीत लॅपटॉप घेऊन घरी येतात. त्यांचे पाहून धाकटी भावंडे शिकतात. मग आम्हा शिक्षकांना विचारणा होते, "सर, सेल लागला आहे. ईदीचे हजार रुपये आहेत. यादीत पंधरा गेम आहेत. कोणते घेऊ?" वडीलधारी मंडळी बहुधा एका वाक्यात विषय संपवतात, "खेळावर पैसे घालवायचेच कशाला?" हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. आपल्या उलेमांनी माणसाच्या गरजांचे जरूरियात, हाजियात आणि तहसीनियात असे तीन थर सांगितले आहेत. तिसऱ्या थरातील गोष्टींवाचून जगणे अडत नाही, पण त्यांच्यामुळे जगण्याला शोभा येते. त्या थराला जागाच नाही असे कोणी म्हटलेले नाही. प्रश्न असतो तो क्रमाचा आणि मापाचा. ज्या मुलाने प्रश्न विचारला त्याने निदान विचार करायला सुरुवात केली आहे. त्याला उत्तर देणे हे शिक्षकाचे कामच आहे.

प्रथम सवलत म्हणजे काय ते समजून घेऊ. लातूरच्या आडतीवर शेतकरी सोयाबीन विकतो तेव्हा विकलेला क्विंटल त्याच्या घरातून कायमचा जातो. भाव पडला तर नुकसान त्याचेच. गेमचे तसे नाही. तो तयार करायला वर्षे आणि पुष्कळ पैसा लागतो, पण एकदा तयार झाला की आणखी एक प्रत द्यायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून ज्याला धीर नाही त्याच्याकडून कंपनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत घेते, आणि ज्याला धीर आहे किंवा ज्याचा खिसा लहान आहे त्याच्याकडून वर्षा-दोन वर्षांनी निम्मी किंवा पाव किंमत घेते. ही मेहेरबानी नव्हे आणि फसवणूकही नव्हे. तो व्यापार आहे. संगणकाच्या गेमचे सर्वात मोठे दुकान स्टीम हे आहे. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ते २००३ साली इंटरनेटवर सुरू केले. तिथे उन्हाळ्यात, हिवाळ्यात आणि अधूनमधूनही सेल लागतात. आज हुकलेली सवलत बहुतेक वेळा काही महिन्यांनी पुन्हा येते. पूर्वी या दुकानात काही तासांपुरत्या सवलती असत, त्यामुळे मुले घड्याळाकडे डोळे लावून बसत. २०१५ च्या हिवाळ्यापूर्वीच्या सेलपासून ती पद्धत बंद झाली. आता सेलच्या पहिल्या दिवशी जी किंमत असते तीच साधारणपणे शेवटच्या दिवशीही असते. म्हणजे घाई दुकानात उरलेली नाही. उरली असेल तर ती आपल्या मनात आहे.

सवलतीत एक शब्दाचा घोटाळाही आहे. हजार रुपयांचा गेम अडीचशेला घेतला की मुलगा सांगतो, "साडेसातशे वाचले." खरे पाहता अडीचशे गेले. असे चार गेम घेतले की हजार गेले आणि तोंडी हिशेबात तीन हजार वाचले. हे तीन हजार कोणत्याही खिशात सापडत नाहीत. अपव्ययाला आपण इस्राफ म्हणतो, आणि इस्राफ म्हटले की शाही मेजवानी, सोन्याची भांडी असे काही डोळ्यांसमोर येते. पण अडीचशे रुपयांतही इस्राफ होतो, आणि दोन हजारांची वस्तू घेऊनही तो होत नाही. किंमत किती यापेक्षा वस्तूचे पुढे काय झाले यावर ते ठरते.

गेमच्या बाबतीत पुढे काय होते ते पुष्कळांना ठाऊक आहे. सेलमध्ये घेतलेले खेळ खात्यावर जमा होतात आणि तसेच राहतात. त्यांना कधी हातही लागत नाही. असे का व्हावे? आमच्या मते तो मुलगा खेळ विकत घेत नसतो. परीक्षा संपल्यानंतरच्या निवांत दुपारी, मित्रांसोबतच्या रात्री, असा फुरसतीचा वेळ तो मनातल्या मनात विकत घेत असतो. फुरसत कोणत्याही दुकानात मिळत नाही. मिळते ती फक्त फुरसतीची आशा, आणि ती स्वस्त असल्याने आपण ढिगाने घेतो. न वाचलेली पुस्तके कपाटात लावणारे आम्ही शिक्षकही या बाबतीत त्या मुलांहून फार वेगळे नाही.

येथे वेळेचा मुद्दा येतो. खेळणाऱ्या मुलांमध्ये एक हिशेब रूढ आहे. किमतीला तासांनी भागायचे. पाचशे रुपयांत पन्नास तासांचा गेम मिळाला तर तासाला दहा रुपये, म्हणजे सौदा चांगला. हा हिशेब वरवर शहाणपणाचा वाटतो, पण त्यात वेळ नफ्याच्या बाजूला लिहिला आहे. आम्हाला तो खर्चाच्या बाजूला लिहावासा वाटतो. रोज एक तास खेळणाऱ्या मुलाचे त्या गेममध्ये पन्नास दिवस जाणार आहेत. पैशावर सूट मिळते, तासावर मिळत नाही. काळाची शपथ घेणारी सूरह आपल्याकडे लहान मुलालाही तोंडपाठ असते. तिचा धडा गेमच्या यादीलाही लागू पडतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे. कथेची पार्श्वभूमी पुराणांतील देवदानवांची, पण भावाला शोधणारी बहीण कोणत्याही घरातील असते. हा गेम पाच-सहा तासांत संपतो. तासाच्या भागाकाराने तो महाग ठरेल. पण आपल्याच राज्यातील मुलामुलींनी इतके देखणे काम केले आहे, हे पाहून एखाद्या मुलाला आपणही असे काही करावे असे वाटले, तर ते पाच तास सत्कारणी लागले म्हणायचे. याउलट 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम. अमेरिकेतील एरिक बॅरोन या तरुणाने तो चारेक वर्षे खपून एकट्याने घडवला आणि २०१६ साली विक्रीस आणला. तो शेकडो तास चालू शकतो. तिथे पिकाचा भाव ठरलेला असतो, हे ऐकून आमच्याकडचा शेतकरी हसेल. तो गेम वाईट मुळीच नाही. पण दहावीच्या वर्षात तो किती महाग पडेल हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

निलंग्यात तर स्वस्ताईचा आणखी एक हिशेब करावा लागतो. मोठे गेम साठ-साठ जीबीचे असतात. ज्या घरी इंटरनेट म्हणजे मोबाइलवरचा रोजचा दोन जीबीचा पॅक, तिथे असा गेम उतरवायला महिना जाईल, तोही त्या पॅकवर घरात दुसरे कोणी काही केले नाही तर. मग कळते की लॅपटॉपची मेमरी अपुरी आहे, किंवा संवाद सगळे इंग्रजीत आहेत आणि मराठी, उर्दू, हिंदी यांपैकी काहीच नाही. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा हक्क हनफी फिकहने खरेदीदाराला दिला आहे. त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. स्टीमनेही २०१५ पासून अशी सोय ठेवली आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि खेळणे दोन तासांपेक्षा कमी झाले असेल, तर पैसे परत मिळतात. पण महिनाभर जो गेम उतरतच राहील त्याचे १४ दिवस पाहण्याआधीच संपतात. शहरातील मुलाला जो हक्क सहज मिळतो तो तालुक्याच्या मुलाला कागदावरच राहतो. म्हणून आमच्या मुलांनी गेमच्या पानावर आधी आकार, लागणारी मेमरी आणि भाषा या तीन गोष्टी वाचाव्यात, सवलतीचा आकडा शेवटी.

घेतलेली वस्तू आपली होते का, हेही पाहायला हवे. खादीचा सदरा धाकट्या भावाला जातो, घड्याळ मुलाकडे येते. वारसाहक्काचे बारकावे आपल्या शरियतइतके क्वचितच कुणी मांडले असतील. पण स्टीमच्या खात्यावरील खेळ वारशाने जात नाहीत. आपण घेतो ती मालकी नव्हे, वापरण्याची परवानगी असते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना हे स्पष्ट सांगणे भाग पाडले आहे. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गेम २०१४ साली आला आणि ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केल्यावर पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. तेव्हा इंटरनेटशिवाय चालणारा गेम थोडा महाग असला तरी बरा. घरातील माणसांना आपापसांत गेम वापरता यावेत अशी सोय स्टीमने दिली आहे. दोघा भावांनी एकच गेम दोनदा घेण्याआधी ती पाहावी.

आणखी एका गोष्टीपासून मात्र दूरच राहावे. काही गेम फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळतात आणि खरी वसुली आत होते. पैसे देऊन बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली अशा काही पेट्यांना जुगार ठरवले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. पेटीचे नाव काहीही असो, जुगाराची ओळख आपल्याला कुणी नव्याने करून द्यायला नको.

एवढे सगळे मांडल्यावर सेल हा सापळाच आहे असे म्हणावे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. एके काळी चोरून काढलेल्या प्रतींच्या सीडी रस्त्यावर सर्रास मिळत, आणि गरिबाच्या मुलापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज सवलतीमुळे त्याला बनवणाऱ्याचे पैसे देऊन, ताठ मानेने खेळता येते. दुकानाचा वाटा साधारण तीस टक्के धरला तरी उरलेले करणाऱ्यापर्यंत पोहोचतात. हलाल मार्ग परवडण्याजोगा होणे ही लहान गोष्ट नाही. चोरीची प्रत घेऊ नकोस असे वर्गात सांगणे सोपे असते. ते पाळणे मुलाला शक्य झाले आहे ते अशा सेलमुळे.

म्हणून आमचे उत्तर असे. पंधरांपैकी कोणता, हे किंमत पाहून ठरवू नये. ती यादी सेलच्या आधी केलेली आहे की सेल पाहून, हे पहिल्यांदा पाहावे. जी इच्छा सवलतीच्या आधीपासून होती तिच्यासाठी सवलत हे दार आहे. जी सवलत पाहून जन्मली ती इच्छा सेल संपेपर्यंत बहुधा विरून जाते. मग विचारावे, हा गेम आज पूर्ण किमतीत असता तर मी पैसे साठवून त्याची वाट पाहिली असती का? आणि हा मी याच आठवड्यात खेळायला बसणार आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर तो एक गेम घ्यावा, निर्धास्त मनाने खेळावा, पूर्ण करावा. दुसरा पहिला संपल्यावर. तोवर पुढचा सेल आलेलाच असेल.

नियत तपासायला आपण मोठ्या प्रसंगांची वाट पाहतो. जकातीचा हिशेब, जमिनीची वाटणी, लग्नाचा खर्च असे काही यावे लागते. बारा वर्षांच्या मुलापुढे यातले काहीच नसते. त्याच्यापुढे ईदीचे हजार रुपये असतात, पंधरा चित्रे असतात आणि प्रत्येकावर सवलतीचा हिरवा आकडा असतो. त्यांतील चौदा चित्रे तो स्वतःहून बाजूला सारू शकला, तर पुढे आयुष्यात मोठ्या रकमा हातात येतील तेव्हा हा सराव त्याच्या कामी येईल. गेमची गोष्ट शिक्षकाने मनावर घ्यावी ती एवढ्यासाठी.