दरज आणि गिलावा

गवंडीकामात 'दरजा भरणे' नावाचे एक काम असते. भिंत उभी राहिली, ओळंब्याला उतरली आणि मचाण सोडण्याची वेळ आली, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांत चुना किंवा सिमेंट दाबून थापीच्या टोकाने ती रेघ स्वच्छ करीत जावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप. त्याच्यावाचून भिंत काही पडत नाही, म्हणून घरधनी त्या मजुरीविषयी हटकून घासाघीस करतो, आणि पहिल्या मृगात ओल आत आली म्हणजे गवंड्याच्या नावाने बोटे मोडतो. हा 'दरज' शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ शिवण. हिंदीतला दर्जी, म्हणजे आपला शिंपी, त्याच घरचा. योग्यता या अर्थी आपण जो 'दर्जा' म्हणतो तो अरबीतला, पायरी या अर्थाचा. दोहोंचे गोत्र निराळे. पण मराठीने त्यांना एकाच ओसरीवर आणून बसविले आहे, आणि त्या शेजारामुळेच मला पुढचे लिहावेसे वाटले.

सोलापूरहून हैदराबादेस जाणाऱ्या रस्त्यावर नळदुर्ग मागे पडले की पुढे आमचे जळकोट लागते. माझी उमेदीची सारी वर्षे महसुली दप्तरांत गेली, आणि सेवानिवृत्तीनंतर जो एक जुना संगणक माझ्या वाट्यास आला त्यावर पुतण्याने लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवून दिली. वॉलपेपर म्हणून त्याने नळदुर्गच्या किल्ल्याची दोन छायाचित्रे लावली होती: एक भर पावसाळ्यातले, बोरी नदीचे पाणी नर आणि मादी या दोन्ही धबधब्यांवरून कोसळतानाचे, दुसरे चैत्रातले, नुसत्या कोरड्या काळ्या दगडाचे. अर्ध्या अर्ध्या तासाने एक जाऊन दुसरे येई; परंतु येताना मध्ये निमिषभर सगळा पडदा काळा होई, आणि कोणाचा तरी अर्ज टंकण्यात गढलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वीज गेली की काय असे वाटून हात कळफलकावरून उचलला जाई. "एवढ्यासाठी रात्र घालवू नकोस," असे मी त्याला बजावले, त्याने घालविली. सकाळी त्याने निदान सांगितले ते असे, की नवे चित्र डिस्कवरून वाचून, उलगडून, पडद्याच्या मापाचे करून सिद्ध होण्यापूर्वीच जुने काढून टाकले जात होते, आणि त्या दोहोंमधल्या अवकाशात पडद्याला कोणी धनी नव्हता.

हे ऐकताच दोष माझ्या ध्यानात आला, कारण तो मी जन्मभर कागदावर पाहिला होता. तलाठ्याची बदली झाली म्हणजे जुन्याने नव्याला 'चार्ज' द्यावयाचा असतो: फेरफाराच्या वह्या, पावतीपुस्तके, शिक्के, सारे यादीप्रमाणे मोजून, उभयतांच्या सह्यांनिशी. नवा हजर होईतो जुन्याला मोकळे करावयाचे नाही ही साधी तजवीज मोडली की सज्जा चार दिवस उघडा पडतो, आणि नेमक्या त्याच चार दिवसांत कोणा कुळाला पीककर्जासाठी उतारा हवा असतो. मी पुतण्याला म्हटले, "म्हणजे तुझ्या यंत्रात चार्ज न देताच माणूस कार्यमुक्त होत होता." तो हसला, पण "काका, अगदी तेच," असेही म्हणाला.

संगणकाच्या पडद्याचा इतिहास बव्हंशी या चार्जच्या देवघेवीचाच आहे. लिनक्सने दीर्घकाळ ज्या व्यवस्थेवर आपला पडदा चालविला ती एक्स विंडो अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९८४ साली जन्मास आली आणि १९८७ पासून अकराव्या आवृत्तीत नांदत आहे. तिच्या मूळ रीतीत प्रत्येक प्रोग्रॅम थेट पडद्यावर रेखाटीत असे, आणि सर्वांच्या तळाशी वॉलपेपर असे, त्यामुळे पुसणे आणि पुन्हा काढणे हा सगळा खटाटोप पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत चाले. पुढे प्रत्येक खिडकी पडद्याआड स्वतंत्र कागदावर काढून, मग ते कागद एकावर एक रचून पूर्ण झालेले चित्रच तेवढे बाहेर आणण्याची पद्धत आली. आणि २००८ साली क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी वेलँड नावाची जी नवी व्यवस्था आरंभिली तिचा तर मूळ संकल्पच असा होता, की अर्धवट चित्र लोकांसमोर म्हणून यावयाचेच नाही. त्याच वर्षीच्या फेडोरा १० या लिनक्सच्या वितरणात यंत्र सुरू होतानाचे चमकणे घालविण्यासाठी प्लायमाउथ हा प्रोग्रॅम आला. ते चमकणे वरवरचे वाटे. पण ते जाण्यासाठी पडद्याची मोजमापे ठरविण्याचा अधिकार वरच्या प्रोग्रॅमांकडून काढून थेट कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हवाली करावा लागला. एक उघडी दरज बुजविण्यासाठी पायापर्यंत खणावे लागले.

माझे म्हणणे येथेच आहे. या गुळगुळीतपणाला पुष्कळ लोक गिलावा समजतात, वस्तुतः तो दरज आहे. गिलावा वाकड्या भिंतीवरही चढतो, किंबहुना तिच्यावरच तो अगत्याने चढविला जातो. दरज भरताना दगड दगडाच्या जागी नसेल तर थापीला रेघच सापडत नाही. एका सेकंदात एक चित्र विरून दुसरे उमटावयाचे, तर १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपक्यांचा हिशेब सेकंदाला साठ वेळा, म्हणजे १२ कोटींहून अधिक वेळा करावा लागतो: जुन्याचा अंश इतका घटवा, नव्याचा तितका वाढवा. साठांतला एखादा हिशेब सुमारे सतरा मिलिसेकंदांची आपली मुदत चुकला तर डोळ्याला ठेच लागते. अशी मुदत सतत पाळणाऱ्या यंत्राची खालची शिस्त ठीक आहे हे सांगावयास निराळा दाखला लागत नाही. चांगला एसटीचालक गियर बदलतो तेव्हा झोपलेल्या उतारूची मान हलत नाही. तेवढ्यावरून जुना प्रवासी त्याच्या सबंध चालविण्याची परीक्षा करतो, आणि ती सहसा चुकत नाही.

आणि चित्रे विनाठेच बदलण्याची ही हौस आजची नव्हे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले, त्यांत काचांवर हाताने रंगविलेली पुराणकथांची चित्रे एकामागून एक पडद्यावर येत, आणि ती अशा चपळाईने बदलली जात की चित्रातली माणसे हालचाल करतात असा भास होई. सिनेमा अद्याप मुंबईस पोहोचला नव्हता. खेळाचा सगळा जीव चित्रांइतकाच चित्रांच्या मधल्या क्षणात होता. काच सरकविणारा हात दिसला की माया संपली. आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे: बेमालूम. ज्याचे सारे यश कोणाला मालूम न होण्यात आहे त्या कामाला शाबासकी कोठून मिळणार?

मुक्त सॉफ्टवेअरची खरी अडचण हीच. लिनक्सचा पडदा मांडणाऱ्या दोन व्यवस्था, केडीई १९९६ मध्ये आणि ग्नोम १९९७ मध्ये, जाहीर झाल्या तेव्हापासून त्यांच्यावर राबलेल्या हातांत पगारी हात आहेत तसे बिनपगारीही पुष्कळ आहेत, आणि बिनपगारी माणसाला भिंत उभारण्याची हौस असते, कारण भिंतीवर नाव लागते. दरजेवर नाव लागत नाही. म्हणून अनेक वर्षे लिनक्सचे घर भक्कम पण खडबडीत राहिले, आणि पैसे देऊन घेतलेल्या दुसऱ्या घरांतून पाहुणा आला की तो दारातच म्हणे, "सगळे आहे हो, पण..." त्या 'पण'ची लाज वाटून की काय, २००६ साली नोव्हेल कंपनीच्या डेव्हिड रेव्हमन यांचा कॉम्पिझ हा खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम आला तेव्हा तरुण मंडळींनी पडद्याचा घनाकृती ठोकळा करून गरगर फिरविला आणि खिडक्या जिलेटिनसारख्या थरथरविल्या. त्या मागचे यंत्रज्ञान थोर होते, त्याच्यावाचून पुढचे काही झाले नसते. परंतु तो ठोकळा मात्र गिलाव्यातलाच, वर बेगड लावलेला. आठ दिवसांत त्याचा कंटाळा येतो, हा अनुभव.

आता मराठी वाचकाने एक गोष्ट रोखठोक विचारली पाहिजे. चित्राची दरज भरली गेली, अक्षराची केव्हा? ज्या काळात तो ठोकळा फिरत होता त्याच काळात आमच्या लिपीच्या दरजा उघड्या होत्या. 'ॲ' हे अक्षर, जे मराठी माणूस 'ॲडव्होकेट' लिहिताना दिवसातून दहा वेळा काढतो, त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांनी मानलेल्या अक्षरांच्या यादीत, स्वतःची जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. तोवर कोणी अ वर चंद्र चढविला तर कैकदा तो चंद्र तुटक रेघांच्या वर्तुळावर एकटाच लटकत राही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरुजन आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे, पण यंत्राला रफार आणि तो आडवा, पापणीसारखा र यांतला भेद उमगेना, आणि निमंत्रणपत्रिकेत नको तो घोटाळा होई. मराठी ल आणि श यांचे वळण हिंदीहून निराळे, हे तर पुष्कळ टंकांना आजही मान्य नाही. या दरजा भरणारेही काही हात होते. रेड हॅट कंपनीने २००४ साली खुल्या परवान्याने दिलेले लोहित टंक (लोहित म्हणजे तांबडे, कंपनीच्या टोपीचा रंग) लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या पिढीने वर्षानुवर्षे वापरले. आणि आज अक्षरे जुळविण्याचे काम जो हार्फबझ करतो त्याचे नाव तर फारसी आहे, हरफ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुला. बेहदाद इस्फहबोद या इराणी गृहस्थाने वाढविलेल्या या प्रोग्रॅममुळे आमच्या आचाऱ्याचा आचार्य होणे थांबले, ही गोष्ट, मराठी दप्तरांत फारसी शब्दांची जी वस्ती आहे ती पाहता, मला परकी वाटत नाही. वॉलपेपरच्या आधी अक्षर, हा माझा अनुक्रम. तथापि त्यावरून वॉलपेपरला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही, कारण दोन्हीकडे लागणारी नजर एकच आहे, आणि ती नजर ज्याला आली तो एक सांधा पाहून दुसऱ्याकडे वळतोच.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. काहींना हलत्या पडद्याने घेरी येते, जुन्या यंत्राला ते ओझे पेलत नाही. म्हणून ग्नोममध्ये ही हालचाल बंद करण्याची आणि केडीईच्या प्लाझ्मात तिची गती थेट तत्क्षणापर्यंत नेण्याची सोय ठेवली आहे, ती योग्यच. आणि उशीर झाकण्यासाठी जेव्हा एखादे गोल चक्र मोठ्या नजाकतीने फिरत राहते, तेव्हा ती दिरंगाईवरची सारवासारव होय. दप्तरात त्याला 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणत.

नळदुर्गचा पाणीमहाल इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या अमदानीत १६१३ साली बांधला गेला. बोरी नदीवर बांध घातला तो पाण्यासाठी. पण बांधाच्या पोटातच दालन काढले, आणि नदी भरली म्हणजे त्याच्या खिडक्यांसमोरून पाणी पडद्यासारखे कोसळत असते, आत मात्र माणूस कोरडा उभा राहू शकतो. बांधापुरते पाहिले तर त्या दालनाची काही गरज नव्हती. पण चारशे वर्षे डोक्यावरून नदी जात असता आतला माणूस भिजत नाही, याची सनद मला त्या दालनातच मिळते, बांधाच्या जाडीत नाही.

पुतण्याने आता बदलाची मुदत तीन सेकंद मुक्रर केली आहे. ग्नोममध्ये त्यासाठी एक लहानशी फाईल लिहावी लागते, कोणते चित्र किती सेकंद थांबेल आणि संक्रमण किती सेकंदांचे, एवढ्याच नोंदी. मनात आणले तर संक्रमण पाच तासांचेही करता येते, मग ते सांजवेळेसारखे कोणाच्या लक्षातच येणार नाही. मला तीन सेकंद पुरेत. त्यांच्या मध्यावर चैत्रातल्या कोरड्या दगडावरून पावसाळ्याचे पाणी नुकते उतरू लागल्यासारखे दिसते, आणि ते दृश्य दोन्ही छायाचित्रांत नाही. परवा मी ते पाहण्यासाठी मुद्दाम हातातला अर्ज बाजूला ठेवून बसलो होतो. पाणी उतरू लागले, आणि या खेपेस वीज खरोखरच गेली.