मासा, गळ आणि गळ बांधणारा

आज एकनाथी भागवताचा आठवा अध्याय. अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतोय आणि आज मासा आला. जिभेच्या नादात गळाला लागतो, म्हणून रसना आवरा. हे कीर्तनात आपण खूपदा ऐकलंय.

पण मला इथे शंका आहे. ट्राउट माशासाठी जी 'फ्लाय' बांधतात, म्हणजे गळावर बांधलेला खोटा किडा, त्यात खायचं काहीच नसतं. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याची 'फेझंट टेल निम्फ' बघा. गळावर साहित्य दोनच: फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि बारीक तांब्याची तार. दोरासुद्धा नाही. तारेनेच बांधायचं, आणि तिच्याच वजनाने फ्लाय बुडते, कारण ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली चालतं. गंमत म्हणजे तिला पायच नाहीत! मेफ्लायची अळी पोहताना पाय अंगाशी घट्ट धरते, हे सॉयरने बघून ठेवलं होतं. म्हणून त्याने ते बांधलेच नाहीत. आकार, जाडी, चाल जुळली की बास. बाकीचा किडा मासा स्वतःच्या मनाने पूर्ण करतो.

मग जिभेचा दोष कुठे आला? चव कळेपर्यंत गळ लागलेला असतो. आणि हाव तरी कसली, तो रोजचं जेवण जेवतोय. त्याला लोभी म्हणणं मला अन्याय वाटतो. अवधूत स्वतःला माशाच्या जागी ठेवून शिकला, ते ठीक. आपण मात्र बऱ्याचदा काठावर बसलेले असतो. ॲपवरचा लाल ठिपका ही अशीच बिनपायांची फ्लाय. आत कुणाचा निरोप असेलच असं नाही. तो बांधणारे आमच्यासारखे पगारी इंजिनिअर, आणि "युजरने स्वतःवर ताबा ठेवावा" म्हणणारेही आम्हीच.

सॉयरइतकं बारकाईने बघायला प्रेम लागतं. तेच प्रेम फसवायला वापरायचं, हे मला पचत नाही. काहीजण बिनकाट्याचा गळ वापरतात, मासा परत सोडतात. जखम कमी होते, मान्य. फसवणूक तेवढीच राहते.

उद्या नववा अध्याय. त्यात बाण घडवणारा येतो, कामात इतका गढलेला की शेजारून राजाची स्वारी गेली तरी पत्ता नाही. एकाग्रतेसाठी अवधूताने त्यालाही गुरू केलंय. तो बाण कुणाला लागणार होता, हे यदुराजाने विचारलं नाही. वाचून या, बोलू.

राम कृष्ण हरी.