जिव्हाळी

खंडेनवमीला संध्याकाळी मी माझ्या घोडीचे, चंद्राचे, चारही खूर धुतो. ही आईची पद्धत. वडिलांचा टांगा रविवार कारंजा ते नाशिकरोड चालायचा. दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडायची, कपाळाला कुंकू लागायचं, पण आई आदल्या दिवशीच पायाशी वाकायची. तांब्याभर कोमट पाणी, हळद, आणि खुराच्या पुढच्या अंगाला कुंकवाचं एक बोट. ‘आपलं पोट ह्याच्या पायावर चालतंय,’ एवढंच म्हणायची.

यंदा पुढच्या उजव्या खुराला कुंकू लावताना बोट एका आडव्या चिरेवर अडलं. चीर जुनी आहे. मागच्या मार्गशीर्षात ती अगदी वर, केस संपतात तिथे होती. आता जमिनीपासून बोटभरही उरलेली नाही. घोड्याचा खूर महिन्याला सात-आठ मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढतो. वरून नवा येत राहतो, जुना खाली सरकतो, आणि वर्षाच्या आसपास पुढचा सगळा खूर बदललेला असतो. त्या वर्षात जनावराने काय सोसलं ते त्यावर वळ्यांनी उमटत जातं.

ती चीर माझ्यामुळे पडली. लग्नाची तिथी दाट होती, चंद्राची एक नाल हलत होती आणि वरातीला दोन तास उरले होते. आमचे नेहमीचे नालबंद चाचा गावाला गेलेले. दुसऱ्या एकाला बोलावलं आणि ‘उरका, उरका’ म्हणत त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. तिसऱ्या खिळ्याला चंद्राने पाय झटकला. मला ते दिसलं होतं. ‘नखरे करतेय,’ असं मी म्हणालो, ते शब्दही आठवतात. मग सिमेंटच्या रस्त्यावर, बँडच्या मागे, पाठीवर नवरदेव घेऊन ती दोन तास चालली. नवरदेवाच्या मामांनी प्रेमाने परातभर गूळ-हरभरे पुढे केले, तेही मी खाऊ दिले. इतका गूळ आणि दाणा एकदम पोटात गेला तर घोड्याच्या खुरांत दाह उतरतो, हे मला वडिलांनी लहानपणीच सांगितलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती तीन पायांवर उभी होती. खुराला हात लावला तर तापलेल्या तव्यासारखा, आणि घोट्याच्या मागची नाडी बोटाखाली ठणठण उडत होती. डॉक्टरांनी नाल काढली, तळ थोडा थोडा खरवडला, तेव्हा काळं, घाण वासाचं पाणी आलं. काही पू आतून वर चढला होता. तो दोन दिवसांनी केसांच्या रेषेपाशी फुटला. पुढे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घमेल्यात कोमट पाणी आणि एप्सम मीठ घालून मी तिचा पाय धरून बसायचो. ती सगळा भार माझ्या खांद्यावर टाकायची.

आपल्या नखाखालच्या हुळहुळ्या मांसाला मराठीत जिव्हाळी म्हणतात. खुरालाही ती असते. बाहेरचं कवच निर्जीव, आतलं जिवंत, आणि दोहोंच्या मधे एक पांढुरकी रेघ. खिळा त्या रेघेच्या बाहेर राहिला तर जनावराला कळतही नाही, आत गेला तर जिव्हाळी लागतो. जिव्हाळा हा शब्द तिच्या शेजारीच राहतो. घमेल्यापाशी बसल्या बसल्या माझ्या मनात एकच प्रश्न फिरायचा. ह्या जनावराचा स्वधर्म काय, आणि त्यात लोखंड ठोकण्याचा अधिकार मला कोणी दिला?

पौषात मी उरलेल्या तिन्ही नाला काढायला सांगितल्या. चाचा परत आले होते. जुन्या नाशकात त्यांच्या घरात कित्येक पिढ्यांपासून हेच काम. नाशकात १८८९ मध्ये सुरू झालेली स्टेशनपर्यंतची ट्राम घोडे ओढायचे, निदान तेव्हापासून ह्या गावाच्या रस्त्यावर खूर आणि लोखंड यांची गाठ पडलेली आहे. चाचांनी पाय मांडीवर घेतला, जखम बघितली आणि म्हणाले, “भाऊ, लोखंडाला कशाला दोष देता? नाल मी रस्त्यासाठी ठोकतो. मातीत चालणाऱ्या घोड्याला माझी गरज कधी होती?”

मी म्हटलं, “मग आजपासून हिला कामच नको. उभी राहू दे.”

“उभी राहील तर आणखी सडेल,” चाचा म्हणाले. “चालता घोडा आणि वाहतं पाणी.”

त्यांचं खरं होतं, आणि ते पटायला मला पावसाळा लागला. खूर जमिनीवर टेकला की किंचित रुंदावतो, तळातली रबरासारखी त्रिकोणी गादी दाबली जाते, आणि पायातलं रक्त वर ढकललं जायला मदत होते. पाऊल पडलंच नाही तर रक्त रेंगाळतं. आषाढात सलग पाऊस लागला, पाच दिवस मी तिला बाहेर काढलं नाही, तर त्या गादीच्या खाचेत काळपट चिखल साचून कुजका वास यायला लागला. म्हणजे काम हा अधर्म नव्हता. घोड्याची जात दिवसभर चालत, चरत, कोस-कोस जमीन तुडवण्यासाठी घडलेली. तिला मी दावणीला वीस-वीस तास आगाडी-पिछाडी लावून उभं करायचो आणि वरातीपुरतं सोडायचो. खोट तिथे होती.

मग मला नालेचं खरं काम कळलं. नाल असली की खूर झिजत नाही, म्हणून तो रोज बघावा लागत नाही. महिना-दीड महिन्याने चाचा येणार, ते बघतील. त्या लोखंडाने मला माझी नजर काढून घ्यायची सोय करून दिली होती. खिळा चुकला तो एका दिवशी. मी मात्र वर्षानुवर्षं तो पाय उचललाच नव्हता.

चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये झेनोफन नावाचा एक सेनानी होऊन गेला. घोड्यांवरच्या त्याच्या ग्रंथात नालेचा उल्लेख नाही. खिळ्यांच्या नाला युरोपात रूढ झाल्या त्या पुढे कित्येक शतकांनी. तो सांगतो की तबेल्याबाहेर मुठीएवढ्या गोल दगडांच्या चार-पाच गाड्या ओता, ते पांगू नयेत म्हणून कडेने लोखंडी पट्टी लावा आणि घोड्याला रोज त्यावर उभं करा, म्हणजे खूर आपोआप कणखर होतील. हे वाचून मी मखमलाबादच्या आमच्या तबेल्यापुढे दोन ट्रॉली गोटे टाकून घेतले. खरारा तिथेच करतो. पहिला महिना चंद्रा त्यावर काचेवर चालल्यासारखी पाऊल टाकायची. आता पाणी पिऊन आपणहून तिथे जाऊन उभी राहते.

पहाटे पाटाच्या कडेने मातीच्या वाटेवर आम्ही दीड-दोन तास चालतो. मी पाठीवर बसत नाही, शेजारून चालतो. चंदी कमी केली, कोरडा चारा वाढवला, गूळ बंद. दर पाच आठवड्यांनी चाचा फक्त कानस घेऊन येतात, कड गोल करतात, गादीला हात लावत नाहीत. खिळे न ठोकता पैसे घ्यायला त्यांना अजून अवघड वाटतं, मी आग्रहाने देतो.

महाभारतात द्रोणपर्वात जयद्रथाच्या वधाच्या दिवशी, ऐन रणात, अर्जुनाचे घोडे थकतात, बाणांनी विंधलेले असतात. अर्जुन बाण मारून जमिनीतून पाणी काढतो, आणि कृष्ण घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण उपसतो, हाताने त्यांना चोळतो, पाणी पाजतो, मग पुन्हा जुंपतो. कीर्तनात हा प्रसंग मी कितीदा ऐकला, आणि प्रत्येक वेळी देवाचा मोठेपणा म्हणून मान डोलावली. आता मला त्यातलं ‘पुन्हा जुंपतो’ हे सलतं. कृष्णाने घोडे मोकळे सोडून दिले नाहीत. सूर्य मावळायच्या आत त्याला पोचायचं होतं. पण सूर्य कलत असतानासुद्धा तो थांबला, वाकला आणि कुठे रुतलं आहे ते बघितलं. मला दोन तास होते.

चंद्राला सोडून देणं हा मार्ग मला नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर सुटलेली घोडी मोकळी होत नाही, मरते. एकदा माणसाने तिला तिच्या धर्मातून काढून आपल्या संसारात आणलं की तिच्या पायाचा भार माणसाच्या माथी आला. इथे मला गजपंथाकडे जाणारे जैन मुनी आठवतात. म्हसरूळच्या रस्त्याला ते अनवाणी चालताना दिसतात, नजर पुढच्या चार हात जमिनीवर. ह्या चालण्याला त्यांच्याकडे ईर्या समिती म्हणतात. माझी समजूत अशी होती की अहिंसा म्हणजे न करणं, न मारणं, न ठोकणं. त्यांच्या त्या खाली लागलेल्या नजरेकडे बघून वाटतं की अहिंसा आधी बघण्यात आहे. नाल काढली म्हणून मी अहिंसक झालो नाही. खूर रोज उचलतो का, एवढंच मला कोणी विचारावं.

काढलेल्या चार नाला तबेल्यातल्या खुंटीला होत्या. एका शनिवारी गल्लीतले एक गृहस्थ आले. साडेसाती सुरू होती, मुलाची नोकरी गेली होती. घोड्याच्या पायातली आपोआप झिजलेली नाल दाराला लावायची होती. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी बघून मी एक दिली. उजव्या पायाची मात्र दिली नाही. तिच्या तिसऱ्या भोकाकडे बघितलं की माझा हात थबकतो. तिने कोणाचं घर राखावं असं मला वाटत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर तिथ्या सुरू होतील. दोन वराती घेतल्या आहेत, दोन्ही गावातल्याच, दोन्ही संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आणि निघायच्या आधी अर्धा तास तिच्या पायांसाठी राखून ठेवायचा असं यजमानांना सांगून. एकाला ते पटलं नाही, त्याने दुसरी घोडी ठरवली. सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत, चांगली मातीची वाट दरवर्षी थोडी आखडते. पुढच्या वर्षी पाटाच्या कडेलाही काँक्रीट झालं तर चाचांना पुन्हा खिळे घेऊन बोलवावं लागेल का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

दसऱ्याला सकाळी चाचा आले. पूजा झाली होती, कुंकू ओलं होतं. त्यांनी उजवा पाय पुढे ओढून गुडघ्यावर घेतला, चिरेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कानस चारदा फिरली. खुराची भुकटी आणि थोडं कुंकू खाली गोट्यांवर पडलं. चंद्राने कान मागे केले नाहीत. चाचांनी पाय खाली ठेवला, तिने भार टाकला, आणि आम्ही दोघं ती पहिलं पाऊल कसं टाकते ते बघत उभे राहिलो.