सोळा जीबी आणि मामाला न सांगितलेली गोष्ट

माझ्या मामाचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. पाटी अजूनही आहे, पण आत आता झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एवढंच चालतं. २०१८ च्या उन्हाळ्यात इंजिनीअरिंगची शेवटची परीक्षा देऊन मी रिकामी बसले होते, तेव्हा त्याच्याकडच्या जुन्या निगेटिव्ह मी स्कॅन केल्या. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, आणि भिंतीवर लावण्यासाठी काढलेले म्हाताऱ्यांचे एकेकटे फोटो. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. निगेटिव्हचे डबे नंतर उघडले तेव्हा आत लगदा होता.

म्हणजे ते फोटो आज जिथे कुठे आहेत, ते माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या एका काळ्या डब्यात. एचपीचा प्रोलायंट मायक्रोसर्व्हर, एन५४एल. चार हार्ड डिस्क, एएमडीचा ट्युरियन प्रोसेसर, आणि मेमरीच्या दोन खाचा. मी तो सेकंडहँड घेतला. आजही कुणीतरी मामाला फोन करतं, "आमच्या वडिलांचा एखादा फोटो आहे का बघा ना," आणि मामा मला फोन करतो.

हे शोधणं सोपं व्हावं म्हणून मी त्यावर चेहरे ओळखणारा प्रोग्राम टाकला. मेमरी पुरेना. कागदावर या मशीनची कमाल मेमरी ८ जीबी आहे, दोन खाचांत चार-चार. पण हे मशीन वापरणाऱ्या कुणालाही विचारा, त्यात आठ-आठच्या दोन पट्ट्या घालून १६ जीबी चालतात. वर्षानुवर्षं चालतायत. मीही घातल्या. रात्रभर मेमटेस्ट चालवला, सकाळी एकही चूक नाही. प्रोग्राम पळायला लागला. आणि मला मात्र काहीतरी टोचत राहिलं.

ही ८ ची मर्यादा येते कुठून, ते आधी सांगते, कारण प्रश्न तिथेच आहे. डीडीआर३ च्या ८ जीबीच्या साध्या पट्टीला चार गिगाबिटच्या चिप लागतात, ४ जीबीच्या पट्टीला दोन गिगाबिटच्या. दोन्हींत फरक एका अ‍ॅड्रेस लाइनचा. एक तार जास्त की जागा दुप्पट. या मालिकेतलं पहिलं मशीन २०१० मध्ये आलं, तेव्हा बाजारात सहज मिळायची ती चारची पट्टी. तिच्यावर मशीन तपासलं, तोच आकडा कागदावर गेला आणि पुढच्या मॉडेलांनाही चिकटून राहिला असणार. म्हणजे हा आकडा भिंत नाही. ‘इथपर्यंत आम्ही पाहिलंय’ एवढीच त्याची हमी.

पण याच मालिकेतलं पुढचं मशीन, जेन८, घ्या. त्याच्या कागदावर १६ लिहिलंय आणि तिथे १६ म्हणजे खरोखरच १६. त्यातल्या इंटेलच्या प्रोसेसरांना १६ जीबीच्या साध्या पट्ट्या वाचताच येत नाहीत. एक मर्यादा सावधपणाची, दुसरी भिंत. कागदावर दोन्ही एकाच टायपात छापलेल्या असतात. आपल्या लिफ्टमध्ये ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ लिहिलेलं असतं आणि गणपतीत नऊ-दहा जण आरामात चढतात, तसंच काहीसं. दहावा माणूस चढतो तो हिशोब करून नाही, काल काही झालं नव्हतं म्हणून.

आता सगळ्यात वाईट शक्यता. समजा ती जादाची तार नीट जोडलेलीच नाही. मग मशीनला दोन वेगळे पत्ते दिसतील, पण दोन्ही एकाच घरात जातील. एका पत्त्यावर लिहिलं की दुसऱ्यावरचं पुसलं जाईल. माझ्या पट्ट्या ईसीसी आहेत, म्हणजे एखादा बिट उलटला तर त्या दुरुस्त करतात. पण इथे त्यांचा उपयोग नाही, कारण मिळालेला शब्द अगदी शुद्ध असतो, फक्त तो भलताच असतो. वर झेडएफएस ही फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवते, तोही मेमरीतल्या मजकुरावरूनच काढते. मजकूर आधीच बदललेला असेल, तर चुकीवर बरोबरचा शिक्का बसतो.

मेमटेस्टने हेच तपासलं होतं आणि ते निर्धोक निघालं होतं. मग टोचत काय होतं? मी मामाला फक्त म्हणाले होते, "मेमरी वाढवलीय, आता पटकन सापडतील." मर्यादेचं काही बोलले नव्हते.

माझे सिनेमे असते तर मी दोनदा विचारही केला नसता. पण हे फोटो माझे नाहीत. खरं तर मामाचेही नाहीत. ज्यांचे आहेत ते मामावर विसंबून आहेत, मामा माझ्यावर, आणि मी कोण कुठल्या अनोळखी लोकांच्या ‘आमच्याकडे चालतंय’ वर. कंपनीने जिथे आकडा लिहिला, तिथपर्यंत ती उभी आहे. त्यापुढे कुणीतरी उभं राहायला हवं आणि तिथे मीच आहे. पण मी तिथे आहे हे कुणालाच माहीत नसेल, तर ते उभं राहणं कसलं?

यावर माझा मित्र म्हणतो, की ज्याला कळणार नाही त्याला सांगणं ही शुद्ध पळवाट आहे. अ‍ॅप उघडताना आपण ‘मान्य’ दाबतो, त्यातलंच. उद्या बिघडलं की म्हणायला मोकळी, "सांगितलं होतं ना!" हे मला खोडता येत नव्हतं, अजूनही पूर्ण येत नाही. माझ्या सांगण्याने एक जीबीचाही धोका कमी होणार नव्हता.

शेवटी फोन केला. ओशाळतच म्हणाले, "मामा, कंपनी आठच म्हणते, मी सोळा घातलेत. चालतंय, पण कंपनीची हमी नाही."

"म्हणजे पुश केलंस की गं," तो म्हणाला.

मला आठवलं नाही, मग त्यानेच सांगितलं. रात्रीची वरात असायची, बत्तीचा काय तो उजेड. ४०० ची फिल्म तो १६०० ची समजून वापरायचा आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा. फिल्मच्या डब्यावर लिहिलेल्या आकड्याच्या चौपट. पण ऑर्डर घेतानाच मुलीच्या बापाला सांगायचा, दाणे येतील, काळं जास्त काळं दिसेल, नको असेल तर वरातीचे फोटो काढत नाही. आणि मुदत संपलेली फिल्म? ती पासपोर्ट फोटोला. लग्नाला कधीच नाही. "पासपोर्टवाल्याला परत बोलावता येतं, नवरा-नवरीला कुठनं बोलावू?"

मग त्याने विचारलं, "तुझ्यात बिघडलं तर दिसतं का? माझ्यात दाणे दिसायचे."

मित्राच्या युक्तिवादात हा प्रश्नच नव्हता. मामाला जीबी कळत नाहीत, पण नेमकं काय विचारायचं ते कळतं. मी खरं ते सांगितलं: "दरवेळी दिसेलच असं नाही."

"मग दिसेल असं काहीतरी कर."

एका पोर्टेबल डिस्कवर दुसरी प्रत आहे, पण दर महिनाअखेरीला तिच्यावर कॉपी करणारा हाच डबा. म्हणजे इथलं बिघडलेलं तिथेही जाणार. सुदैवाने पट्ट्या घातल्यापासून महिनाअखेर व्हायची होती. मी डिस्क लॅपटॉपला लावली आणि दोन्हीकडच्या साडेनऊ हजार फोटोंचे हॅश काढून जुळवले. रात्रीचे नऊ ते सकाळचे साडेसात. एकही फरक निघाला नाही. त्या हॅशांची यादी आता डब्याबाहेर आहे आणि कॉपी होण्याआधी लॅपटॉप ती दरवेळी पडताळतो. एखादा फोटो जुळला नाही तर कॉपी थांबते आणि माझा फोन वाजतो. जुन्या चार-चारच्या पट्ट्याही टाकल्या नाहीत, डब्याच्या वरच ठेवल्यात.

दिवाळीत मामा पुण्याला आला तेव्हा त्याने टीव्हीखाली वाकून डबा पाहिला, आणि खिशातलं पेन काढून त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. निगेटिव्हच्या पाकिटांवर लिहायचा त्याच तिरक्या अक्षरात लिहिलं: ‘८ चं १६. पुश.’ खाली तारीख टाकली आणि म्हणाला, "शिंदेंच्या आजींचा काढ बघू, नऊवारीतला. त्यांचा नातू मागतोय."