शिबल्याचे पाषाणस्तंभ
यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात, शिबला गावाजवळ, 2021 साली रस्त्याचे खोदकाम चालू असताना षट्कोनी पाषाणस्तंभांची जी रास उघडी पडली, तिच्यासमोर मुलाबाळांसह उभ्या राहणाऱ्या गृहस्थाच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो भूशास्त्राचा नसून धर्माचाच असतो : हे कोणी घडविले? डोंगरकपारीतील प्रत्येक अद्भुत पांडवांच्या खाती मांडण्याची आपली रीत जुनी आहे, आणि तिच्यामागील विस्मय खरा असल्यामुळे मी ती तुच्छ मानीत नाही; परंतु तप्त लाव्हा सावकाश निवत गेला, निवताना आकसला आणि आकसताना पडलेल्या भेगा खोल उतरत जाऊन त्याचे असे पैलूदार खांब झाले, हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे वर्तमान ऐकल्यावर मुलाच्या मनातील देव उणा होतो काय, याचा निवाडा केला पाहिजे.

माझ्या मते तो उणा होत नाही. देव्हाऱ्यातील शाळिग्रामच घ्या. गंडकीच्या पात्रातून आलेल्या त्या काळ्या, गुळगुळीत गोट्यावरील तुळशीपत्र बाजूला सारून पाहावे, तो मध्यबिंदूभोवती फिरत रुंदावत जाणारे, बारीक कंगोऱ्यांचे एक वेटोळे दिसते. आपण ज्याला चक्र म्हणून वंदितो तो एका सागरी जीवाच्या शंखाचा ठसा आहे. आज जेथे हिमालय आहे तेथे समुद्र असताना तो जीव त्यात विहरत होता, आणि दख्खनवर लाव्हा पसरत होता त्याच सुमारास, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्याचा समग्र वंश नाहीसा झाला. हे कळल्याने अभिषेकाचे पाणी घालणारा हात अधिकच जपून चालेल.

बाध येतो तो अहंकाराला. सृष्टी आपल्यासाठीच मांडली गेली, ही समजूत या खांबांपुढे टिकत नाही. ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा सांगणाऱ्या पूर्वजांनाही हीच लीनता शिकवावयाची असावी. म्हणूनच पृथ्वीच्या सुमारे 454 कोटी वर्षांच्या वयाशी त्या संख्येचा मेळ घालून विजय पुकारणे मला अनुचित वाटते, कारण एक आकडा चिंतनातून आला, तर दुसरा दगडाची साक्ष तपासून मिळाला.

1845 साली नागपुरास आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या धर्मनिष्ठेआड खडक आले नाहीत. विदर्भातील जीवाश्म जमविणारा हा पाद्री 1863 मध्ये टाकळघाटच्या प्राचीन शिलावर्तुळांच्या शोधकार्यात असताना ओढ्याच्या पुरात बुडून वारला. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तेथील वस्तुसंग्रहालय, त्याच साली स्थापन झाला, आणि आजही विदर्भातील कुटुंबे तो पाहावयास जातात.

शिबल्याचे खांब मात्र जेथे निवाले तेथेच दाखविले पाहिजेत. सरकारने जागेला संरक्षण द्यावे, गावातील शिकलेल्या मुलामुलींना माहिती सांगण्यास तयार करावे, आणि कोणी भाविकाने नारळ वाढविला तर त्यास अडवू नये. शेंदूर तेवढा दगडावर फासू देऊ नये, कारण त्याखाली ते पैलू झाकले जातात.