ताबा आणि मालकी

महसूल खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला ताबा आणि मालकी यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. आमच्या मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत ‘भूमिस्वामी’ असा भारदस्त शब्द आहे. परंतु कागदावर स्वामी एक आणि शेतात नांगर दुसऱ्याचा, असे प्रसंग नित्याचेच. हाच धडा निवृत्तीनंतर मला दूरचित्रवाणीच्या एका पेटीने पुन्हा दिला.

२०१३ साली एका वाहिनीवर मराठी गाण्यांचा कार्यक्रम झाला. श्रोत्यांमध्ये माझी थोरली बहीण बसली होती. ती पडद्यावर तीनदा दिसली, एकदा तर ताल धरून हसताना. डिशसोबत घेतलेल्या पेटीत कार्यक्रम साठवण्याची सोय होती. बटण दाबले, काम झाले. पुढच्या वर्षी ताई गेली. २०१६ मध्ये पेटी बिघडली. कंपनीचा माणूस नवी बसवून जुनी घेऊन गेला. आतली तबकडी तरी द्या, असे मी विनवले. ती दुसऱ्या कोणत्याही यंत्रात चालत नाही, असे त्याने सौजन्यानेच सांगितले. पेटीचे पैसे मी भरले होते. आत साठलेले मात्र माझे नव्हते.

माझ्या पुतण्याचा पक्ष पहिल्यापासून वेगळा. त्याने घरच्या संगणकात ट्यूनर कार्ड बसवून तोच दूरचित्रवाणीला जोडला होता. पंख्याची घरघर अखंड, आणि ऐन सामन्यात यंत्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. त्याची पत्नी त्या यंत्राला सवत म्हणे. पण साठवलेले चित्रण ही एक साधी फाइल असे. तिची प्रत काढा, कुणाला द्या, दहा वर्षांनी पाहा. ताईचा तो कार्यक्रम त्याच्याकडे असेल अशी आशा मला होती. त्या आठवड्यात नेमका त्याचा संगणक दुरुस्तीला गेलेला होता.

या दोन पक्षांचा वाद मूळचा अमेरिकेतला. टिवो आणि रिप्लेटीव्ही या पेट्या तेथे १९९९ मध्ये आल्या. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजची मीडिया सेंटर आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी हौशी मंडळींचे मिथटीव्हीही सुरू झाले. पेटी गुणी खरी, पण तिचे कान धन्याकडे. २००४ च्या सुपर बोल सामन्यातील कोणता क्षण प्रेक्षकांनी सर्वाधिक वेळा मागे नेऊन पाहिला, हे टिवोने जाहीर केले, तेव्हा अनेकांना प्रथमच उमगले की आपण पेटी पाहतो तशी पेटीही आपल्याला पाहते. टिवोच्या आत लिनक्स ही सर्वांना मुक्त असलेली प्रणाली होती. तरीही तीत स्वतः बदल करून ती त्या पेटीत चालवण्याची मुभा ग्राहकाला नव्हती.

मग संगणकवाले स्वतंत्र म्हणावेत काय? मे २००८ मध्ये एनबीसीचे काही कार्यक्रम मुद्रित करण्यास मीडिया सेंटरने नकार दिला. प्रक्षेपणासोबत मनाईची खूण आली होती आणि संगणकाने ती निमूट पाळली. खूण चुकून गेली, असा खुलासा वाहिनीने केला. चूक कुणाचीही असो, घरातल्या यंत्राने घरधन्याला विचारले नाही. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत मीडिया सेंटर गेलेच.

वाहिन्यांची बाजूही पोकळ नाही. कार्यक्रम त्यांच्या खर्चाने होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, सवडीने पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण वैध ठरवले. सवडीने पाहणे वेगळे आणि जन्मभर जपणे वेगळे, हे मलाही मान्य आहे. पण ताईच्या त्या हसण्यावर वाहिनीचा हक्क कितपत, पेटीच्या कंपनीचा कितपत आणि माझा कितपत? असा दावा समोर आला असता तर मी तारखेवर तारीख देत राहिलो असतो.

भाची अजून विचारते. कार्यक्रमाची तारीख आणि वेळ नमूद करून मी वाहिनीकडे रीतसर अर्ज केला आहे. सवयीने त्याची एक प्रतही जवळ ठेवली आहे.