पान्हा कोणी चोरला?

बेळगावहून लोंढ्यास जाणाऱ्या लोहमार्गावर खानापूर मागे पडले की गुंजी हे गाव लागते. तेथील माउलीदेवीच्या दर्शनास आम्ही गेलो असता मंडपात एक तरुण माता तान्ह्या मुलास पदराखाली घेऊन बसली होती. मूल क्षणभर ओढी, सोडी आणि रडे. भोवती चारपाच आप्तस्त्रिया होत्या. एक म्हणाली, ‘अंगावर दूधच नाही हिच्या.’ दुसरी म्हणाली, ‘लक्ष कुठं आहे तिचं?’ तिसरीने आपण पाच मुले कशी वाढविली, ते सांगावयास आरंभ केला. त्या मुलीची मान अधिकाधिक खाली जात होती आणि मुलाचे रडणे वाढत होते. जिचे नावच माउली, त्या देवीच्या दारात एका माउलीची अशी उलटतपासणी चालावी, ही गोष्ट आमच्या मनातून गेली नाही. आईस पान्हा फुटला नाही, तर तो दोष कोणाचा?

आमच्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे. धार काढावयास बसावे आणि गाईने दूध आखडून धरावे, म्हणजे तिने ‘पान्हा चोरला’ असे आपण म्हणतो. शब्दात आरोप आहे. पण वागणुकीत नाही. माणूस नवखा असेल, गोठ्यात कुत्रे शिरले असेल, वासरू दूर बांधले असेल, तर गाय पान्हवत नाही, हे शेतकरी जाणतो. तो तिला बोल लावीत बसत नाही. वासरू सोडतो, आंबोण पुढे ठेवतो, पाठीवरून हात फिरवतो, मुलांना गोठ्याबाहेर घालवतो. जी समजूत आपण गोठ्यात दाखवितो, ती माजघरात का दाखवीत नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

शरीरशास्त्राचे म्हणणे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. दूध तयार होणे आणि दूध उतरणे ही दोन निरनिराळी कार्ये होत. पहिले मुख्यत्वे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे, दुसरे ऑक्सिटोसिनचे. मूल ओढू लागले, किंवा त्याचा नुसता आवाज कानी पडला, तरी ऑक्सिटोसिन स्रवते आणि दूध पुढे ढकलले जाते. भय, वेदना, अपमान, डोक्यातील कामांची रांग यांनी हा स्राव अडतो. म्हणजे दूध असते, पण उतरत नाही. पुढे स्तन वेळच्या वेळी रिकामे न झाले, तर शरीर दूध करणेही कमी करते. मग ‘दूध नाही’ हे आधी खोटे असलेले वाक्य खरे होऊन बसते. आपण कमी पडलो या लाजेने मन आणखी आवळते आणि चक्र पुरे होते.

1948 साली अमेरिकेत मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने एका मातेवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ती निवांत असता मुलास सरासरी 168 ग्रॅम दूध मिळे. तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, अंगठा ओढून दुखविला, भराभर गणिते घातली, की ते 99 ग्रॅमवर येई. तशाच त्रासात ऑक्सिटोसिन टोचले असता पुन्हा 153 ग्रॅम. दूध कोठे गेले नव्हते. वाट तेवढी बंद झाली होती. त्या छळाच्या यादीत गणितेही होती, हे वाचकांनी विसरू नये. घरातील सून दिवसभर कोणती गणिते सोडवीत असते? दूधवाल्याचा हिशेब, थोरल्याची शाळा, सासऱ्यांचे औषध, उद्याचा नैवेद्य, पाहुण्यांचे पान. हात रिकामे दिसले तरी डोके रिकामे नसते.

हे ज्ञान पश्चिमेने आम्हांस नव्याने दिले असेही नाही. सुश्रुताने क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव ही दूध आटण्याची कारणे म्हणून सांगितली आहेत, आणि उपायांत मन प्रसन्न ठेवण्यास आहाराआधी स्थान दिले आहे. अपत्याच्या दर्शनाने, स्पर्शाने, नुसत्या स्मरणानेही दूध वाहते, हे निरीक्षणही त्याचेच. परंतु नेमक्या याच जागी आमचे पाऊल घसरते. स्नेहाने दूध येते, तेव्हा दूध आले नाही म्हणजे स्नेह नाही, असा उलटा निष्कर्ष आपण काढतो. पावसाने अंगण भिजते म्हणून कोरड्या अंगणावरून ढगाची नियत ठरविता येत नाही. मध्ये कोणी छप्पर घातले आहे काय, तेही पाहावे लागते.

धर्मदृष्टीनेही विचार करू. गीतेने मनुष्याचा अधिकार कर्मावर सांगितला, फळावर नाही. मुलास वेळोवेळी छातीशी धरणे हे आईचे कर्म. पान्हा हे फळ. जे इच्छेच्या ताब्यात नाही, त्याबद्दल दोष कसा देता येईल? ‘काळजी करू नकोस, म्हणजे येईल’ हा उपदेशही आम्हांस निर्दोष वाटत नाही. काळजीची कारणे तशीच ठेवून काळजी न करण्याची आज्ञा देणे, म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणेच होय. मात्र ती कारणे दूर करणे हे घरातील इतरांच्या हातात असते. तेव्हा या बाबतीत कर्म त्यांचेही आहे, आणि जबाबदारीही त्यांच्याकडे जाते.

यावर आक्षेप ठरलेला आहे : पूर्वीच्या बायका शेतात राबत, तरी मुले अंगावर वाढवीत, मग यांनाच काय झाले? पूर्वीच्या कष्टांविषयी आम्हांस आदर आहे. पण त्या काळी सव्वा महिना बाळंतिणीस चुलीपुढे बसू देत नसत, डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर दुसऱ्या हातांनी होई, रात्री मूल घ्यावयास आत्या-मावशी असे. शिवाय, जी मुले जगली त्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. जी गेली, त्यांचा हिशेब आठवणीत राहत नाही. आज लाडू उरले आहेत, हात उरले नाहीत.

रायगडावरील हिरकणीची कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती गवळण रात्री कडा उतरून गेली. महाराष्ट्रातील बसस्थानकांवर स्तनपानासाठी केलेल्या खोलीस ‘हिरकणी कक्ष’ हे नाव दिले, ते योग्यच झाले. परंतु या कथेत कडा जसा आहे तसा दरवाजाही आहे. आपण कडा उतरणारीचे पोवाडे गातो आणि दरवाजा कोणासाठी क्षणभर उघडता आला असता, हे विचारीत नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात दोन विराम दिले. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांची केली आणि पन्नास वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. पण भातलावणीस मजुरीने जाणारीस, किंवा स्वतःच्याच घरात राबणारीस, हा दरवाजा नाही. आणि कायदा वेळ देईल, स्वस्थता तो कोठून देणार?

यंत्राने दूध काढून ठेवून कामावर जाणाऱ्या मातांची गोष्ट तर अधिक कठीण. तेथे मुलाचा स्पर्शही नसतो. थंड यंत्र, घड्याळ आणि दाराबाहेरची चाहूल एवढेच. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या ज्या मातांना मन शांत करणारी ध्वनिफीत ऐकविली, त्यांना एका वेळी 63 टक्के अधिक दूध काढता आले. ध्वनिफितीने जे साधते, ते घरातील एका गोड शब्दाने साधणार नाही काय?

येथे एक सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. दूध कमी असण्याची सर्वच कारणे मनाची नसतात. थायरॉइडचा विकार, बाळंतपणातील अतिरक्तस्राव, मुलास नीट धरता न येणे, अशी अनेक कारणे असतात, आणि बाळंतपणानंतरचे औदासीन्य हा उपचार करण्याजोगा आजार आहे. मुलाचे वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. वरचे दूध द्यावे लागले तरी नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी काढली, तेव्हापासून एका आईचे दूध दुसरीच्या मुलास जीवदान देत आले आहे. यशोदेने कृष्णास जन्म दिला नव्हता. तिच्या मातृत्वाचे माप कोणी काढले नाही.

त्या दिवशी मंडपात अखेरीस एक वृद्ध बाई उठल्या. त्यांनी बाकीच्यांस ‘तुम्ही पुढं होऊन ओटी भरा, आम्ही येतो’ असे सांगून बाहेर काढले, मुलीस खांबाच्या आडोशास बसविले, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि स्वतः पाठ फिरवून बसल्या. पुढे काय झाले, ते पाहावयास थांबणे आम्हांस उचित वाटले नाही. देवीची ओटी तेवढ्यात कोणी तरी भरलीच असेल. पण त्या वेळी माउलीची खरी सेवा, आमच्या मते, खांबाशी पाठ फिरवून बसलेल्या त्या बाईंनी केली.